चार बाय साडेपाच

निनावेबाई वर आल्या, हातात मोबाइल,
मोबाइलमध्ये त्यांच्या छताचा फोटो.
"हे तुमचं," म्हणाल्या,
दोरीवरून उडालेलं फडकं परत द्यावं तसं.

म्हणून निघाल्या जुन्या टाइल्स,
फिक्या निळ्या, आठ इंची,
ब्याण्णव सालापासून मी घासत आले त्यांच्यावरचं काहीतरी.
ते कमळ होतं, हे कळलं
मलब्याच्या पोत्यात एक टाइल उताणी पडली तेव्हा.

मे महिना. नंदनवनात बारानंतर
टाकीतलं पाणी चहाला चालावं इतकं तापतं.
कटर सुरू झालं आणि कूलरनं धूळ आत ओढली:
डाळीच्या डब्यांवर, देवांवर, माझ्या भुवयांवर
एकच पांढरा थर.

दिलेश्वर नैताम, कुहीकडचा.
कानामागे पेन्सिल,
गुडघ्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे.
त्याला म्हटलं, चौतीस वर्षं लोकांच्या पॉलिसींवर शिक्के मारले,
आता पायाखाली संगमरवर पाहिजे.
त्यानं माझ्याकडे नाही, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.
"घसरसान, बाई."

तर फरशीला पोर्सिलीन, खरखरीत, ढगाळ रंगाचं,
भिंतींनाही तेच, थोडं गुळगुळीत.
संगमरवर फक्त उंबऱ्याला आणि साबणाच्या फळीला.
कामठी रोडवर एक तुकडा सापडला
कुणाच्या तरी बंगल्याच्या जिन्यातून उरलेला,
मधून करडी शीर.
दुकानदार तिला डिझाइन म्हणाला.
मी भेग म्हणाले.
दोनशे रुपये सुटले, मग ती पुन्हा शीर झाली.

नऊ दिवस अंघोळ निनावेबाईंकडे.
खांद्यावर टॉवेल, हातात साबणदाणी,
एक जिना खाली उतरायचा
आणि त्याच चार बाय साडेपाचात शिरायचं,
नळ त्याच हाताला, खिडकी तेवढीच,
फक्त वरती मी.

पहिल्याच दिवशी डोळ्यांतला साबण धुऊन वर पाहिलं.
फोटोत डाग तळहाताएवढा होता.
इथं तो अख्ख्या छतभर पसरलेला,
कडेला तांबूस, मध्ये पोपडे, वलयात वलय.
अकरा वर्षांच्या माझ्या अंघोळी.
दिवाळीच्या पहाटेच्या.
आईला पोचवून आल्यावर डोक्यावरून घेतलेली.
आणि रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची,
सकाळी अकरा वाजता, काही घाई नसताना,
नळ पूर्ण सोडून.
मला वाटलं होतं, ते सगळं गटाराला लागलं.

आवाजही येत होता का खाली?
ते मी विचारलं नाही.
बाहेरून निनावेबाई म्हणाल्या,
"पाणी पुरे झालं का? अजून एक बादली भरून ठेवली आहे."

वर दिलेश्वरनं कोपऱ्यातल्या चार टाइल्स उखडल्या,
मसाला ओला होता तोवरच.
उतार अर्धं सूत कमी पडला होता.
मला तर काही दिसत नव्हतं.
"पाण्याले वाट द्या लागते, बाई,
नाही त थे आपली करून घेते."
टाइल्सच्या आधी, काळा लेप वाळल्यावर,
त्यानं दोन दिवस तिथं पाणी कोंडून ठेवलं होतं.
मी येता-जाता पाहायची माझा फुटाळा,
त्यात एक बल्ब आणि एक झुरळ.
खाली निनावेबाई जेवणाचं ताट घेऊन
छताकडे बघत बसलेल्या.

दहाव्या दिवशी उंबऱ्यावर पाय ठेवला.
गार.
चव्वेचाळीस अंशात, अख्ख्या घरात
तेवढी सहा इंच जागा गार.
त्या शिरेवरच उभी राहिले जरा वेळ,
मग आत गेले, पहिला तांब्या हळूच ओतला.
पाणी क्षणभर थबकलं,
मग जाळीकडे निघालं, कुणी न सांगता.

खालून झाडूच्या दांड्यानं ठक, ठक.
दोनदा म्हणजे कोरडं, असं ठरलं होतं.

थोड्या वेळानं तिसरी ठक आली.
तिसरीचं काही ठरलं नव्हतं.
मी ओल्या टाचेनं
पोर्सिलीनवर एकदा वाजवलं,
आणि दुसरा तांब्या भरून घेतला.